दोन वणव्यांमधला काळ

1982 साली 'इकॉलॉजिकल मोनोग्राफ्स' या अमेरिकी शोधपत्रिकेत विल्यम रॉमी या तरुण वनस्पतिशास्त्रज्ञाचा एक दीर्घ लेख प्रसिद्ध झाला. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या 73 चौरस किलोमीटरच्या एका पाणलोट क्षेत्रातल्या आगींचा इतिहास रॉमी यांनी त्यात मांडला होता. आगीच्या कडेला असलेले एखादे झाड भाजून निघते, पण मरत नाही. त्याच्या बुंध्यावर व्रण राहतो आणि त्या व्रणावर दरवर्षी नवे लाकूड चढत जाते. ही वलये मोजत मागे गेले की आग कोणत्या वर्षी लागली ते कळते. अशा व्रणांवरून रॉमी यांना 1600 सालापासूनच्या 15 आगींचा माग लागला. त्यांतल्या सात मोठ्या होत्या. डोंगरावरचे बहुतेक जंगल अठराव्या शतकाच्या मध्यात आणि अखेरीस लागलेल्या मोठ्या आगींत जळून गेले होते. पर्यटक ज्याला अनादी अरण्य समजून पाहत होते, ते त्या राखेतून एकदमच उगवलेले, जवळपास एकाच वयाचे जंगल होते.

लेखाचा निष्कर्ष याहून महत्त्वाचा होता. या उंचीवरचे जंगल तरुणपणी सहसा पेट घेत नाही. वीज पडली तरी आग थोडी जागा जाळून आपोआप विझते. शेंड्याशेंड्यावरून धावणाऱ्या आगीला पुरेसे जळण साठायला तीनशे ते चारशे वर्षे लागतात. मग एखाद्या कोरड्या, वादळी उन्हाळ्यात सारे एकदम जळते आणि चक्र पुन्हा सुरू होते. अठराव्या शतकातले ते जंगल आता म्हातारे होत आले होते. लेख अभ्यासकांनी वाचला. उद्यानाबाहेर त्याची फारशी दखल कोणी घेतली नाही. सहा वर्षांनी त्यातला प्रत्येक शब्द पडताळून पाहण्याची वेळ आली.

यलोस्टोन हे जगातले पहिले राष्ट्रीय उद्यान. 1872 साली स्थापन झाले, मुख्यतः वायोमिंग राज्यात. त्याच्या व्यवस्थापनाच्या इतिहासात आगीशी वैर फार आधीपासून होते. 1886 साली उद्यानाचा कारभार लष्कराकडे गेला. घोडदळाची तुकडी तिथे पोचली तेव्हा जंगलात आगी लागलेल्याच होत्या आणि सैनिकांनी त्या विझवायला घेतल्या. अमेरिकी सरकारने जंगलातली आग विझवण्याचे काम अंगावर घेतले त्याची सुरुवात इथे झाली. पुढे 1910 च्या ऑगस्टमध्ये आयडाहो आणि मोंटाना भागात दोन दिवसांत सुमारे 30 लाख एकर जंगल जळाले. 80 हून अधिक माणसे गेली, बहुतेक आग विझवणारी. त्या धक्क्याने अमेरिकी वन सेवेचे धोरण कडक होत गेले. 1935 साली नियमच झाला की दिसलेली आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आलीच पाहिजे. आग म्हणजे शत्रू, हे दोन-तीन पिढ्यांच्या अंगवळणी पडले.

त्या समजुतीला तडा गेला तो 1960 च्या दशकात. वन्यजीवशास्त्रज्ञ स्टार्कर लिओपोल्ड यांच्या समितीने 1963 साली अहवाल दिला. उद्यानांतल्या निसर्गाच्या घडणीत आगीचाही हात आहे, तिला कायमचे हद्दपार केले तर जंगलाचे रूप बदलते, असे त्यात म्हटले होते. 1972 पासून यलोस्टोनमध्ये विजेने लागलेल्या काही आगी, माणसांना आणि इमारतींना धोका नसेल तर, देखरेखीखाली जळू दिल्या जाऊ लागल्या. 1987 पर्यंत अशा 235 आगी जळू दिल्या गेल्या. त्यांत मिळून 34 हजार एकरांपेक्षा कमी जंगल जळाले आणि प्रत्येक आग आपली आपण विझली. रॉमी यांच्या निष्कर्षाच्या पहिल्या अर्ध्या भागाला ही सोळा वर्षे दुजोरा देत होती.

1988 च्या वसंतात एप्रिल आणि मे महिन्यांत पाऊस चांगला झाला. जूनपासून आभाळ कोरडे पडले. उद्यानाच्या नोंदींतला तो सर्वांत कोरडा उन्हाळा ठरला. जूनअखेर लागलेल्या काही आगी नेहमीप्रमाणे विझतील म्हणून सोडून दिल्या होत्या. त्या विझल्या नाहीत. 21 जुलैला सुमारे 17 हजार एकर जळून झाले होते. त्या दिवसापासून प्रत्येक आग विझवण्याचा आदेश निघाला. दुसऱ्याच दिवशी उद्यानाच्या पश्चिमेला, शेजारच्या सरकारी वनात, लाकूडतोड्याच्या सिगारेटमुळे एक आग लागली. नॉर्थ फोर्क या नावाने ती पुढे ओळखली गेली. ती पहिल्या दिवसापासून विझवायला घेतली होती, तरी त्या उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या आगींत तिची गणना झाली. नंतरच्या वादात ही गोष्ट फार जणांनी लक्षात घेतली नाही.

20 ऑगस्टचा शनिवार 'काळा शनिवार' म्हणून इतिहासात राहिला. सोसाट्याच्या वाऱ्याने त्या एका दिवसात दीड लाख एकरांहून जास्त क्षेत्र जळाले. निखारे नद्या, रस्ते आणि मुद्दाम मोकळे केलेले पट्टे ओलांडून पुढे पडत होते. हजारो माणसे कामाला लागली होती. एका वेळी 9 हजारांपर्यंत, एकूण 25 हजार. सैन्य आले, विमाने आणि हेलिकॉप्टरे आली. खर्च 12 कोटी डॉलरपर्यंत गेला. 7 सप्टेंबरला नॉर्थ फोर्कची आग ओल्ड फेथफुल या प्रसिद्ध उष्णोदक फवाऱ्यापाशी पोचली. तिथले ओंडक्यांचे जुने विश्रामगृह जेमतेम वाचले. अखेर 11 सप्टेंबरला पावसाची आणि हिमाची पहिली भुरभुर झाली आणि आगीचा जोर ओसरला. माणसाच्या सगळ्या यंत्रणेला जे आठवडेच्या आठवडे जमले नाही, ते पाव इंच ओलाव्याने केले, असे तिथे काम केलेले लोक सांगत आले आहेत.

उद्यानातले 7 लाख 93 हजार 880 एकर, म्हणजे 36 टक्के क्षेत्र आगीच्या कक्षेत आले होते. अमेरिकी दूरचित्रवाणीवर रोज रात्री ज्वाळा दिसत होत्या आणि यलोस्टोन संपले, असेच लोकांना वाटत होते. आग जळू देण्याचे धोरणच गुन्हेगार ठरवले गेले. उद्यानाचे अधीक्षक बॉब बार्बी यांच्यावर टीकेचा भडिमार झाला, राष्ट्रीय उद्यान सेवेच्या प्रमुखांच्या राजीनाम्याची मागणी झाली. उद्यानातले वनस्पतितज्ज्ञ डॉन डेस्पेन आगीच्या वाटेवर अभ्यासाचे चौकोन आखून तिची वाट पाहत होते. आधीची नोंद हातात असेल तरच नंतरचा बदल मोजता येतो, हा त्यामागचा साधा विचार. पण प्रयोगाचा चौकोन पेटला तेव्हा त्यांना झालेल्या आनंदाची बातमी वर्तमानपत्रात छापून आली आणि शास्त्रज्ञांना जंगलाचे काही सोयरसुतक नाही, अशी लोकांची समजूत झाली.

या गदारोळात ऑक्टोबर 1988 मध्ये एक हेलिकॉप्टर जळालेल्या डोंगरांवरून उडाले. त्यात रॉमी होते आणि मोनिका टर्नर होत्या. टर्नर त्या वेळी टेनेसीतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत काम करत होत्या. वय तिशीच्या आत. दहा वर्षांपूर्वी विद्यार्थिदशेत त्यांनी एक उन्हाळा याच उद्यानात पर्यटकांना निसर्गाची माहिती देण्यात घालवला होता. भूप्रदेशातल्या नमुन्यांचा अभ्यास करणारी परिसरशास्त्राची शाखा तेव्हा नव्याने आकार घेत होती आणि टर्नर तिच्यातल्या आघाडीच्या अभ्यासक होत होत्या. खाली सलग काळी राख असेल, अशी सर्वांची कल्पना होती. दिसली ती गोधडी. एक तुकडा कोळसा, त्याला लागून तांबूस भाजलेल्या सुयांचा पट्टा, पुढे हिरवेगार जंगल, पुन्हा काळा तुकडा. पुढे नकाशे मोजल्यावर निघाले की सर्वांत भीषण जळालेल्या जागांचा बहुतांश भाग हिरव्या किंवा कमी भाजलेल्या जंगलापासून 50 ते 200 मीटरच्या आत होता. बी यायला एवढे अंतर फार नाही.

टर्नर आणि रॉमी यांनी पुढची दिशा ठरवली ती या दृश्यावरून. प्रश्न त्यांनी नेमका केला: जळालेल्या तुकड्याचा आकार, आगीची तीव्रता आणि जागा, यांपैकी कशावर जंगलाचे परत येणे ठरते? त्यासाठी त्यांनी तीन ठिकाणे निवडली, कूगर क्रीक, फर्न कॅस्केड्स आणि यलोस्टोन सरोवराचा परिसर. प्रत्येक ठिकाणी एक लहान, एक मध्यम आणि एक मोठा जळका तुकडा घेतला. लहान तुकडा जेमतेम एक हेक्टरचा, सर्वांत मोठे हजारो हेक्टरांचे. मग दर उन्हाळ्यात तिथे जाऊन रोपे मोजायची, गवत आणि फुलझाडे नोंदवायची. हे काम दिसायला नीरस आहे. गुडघ्यावर बसून राखेतले बोटभर उंचीचे रोप शोधायचे, लिहून घ्यायचे, पुढच्या चौकोनाकडे सरकायचे. पण 1988 च्या भाषणबाजीला उत्तर याच नोंदींनी दिले.

पहिले उत्तर जमिनीखालून आले. आग वर कितीही भडकली तरी मातीत तिची धग सहसा फार खोल गेली नव्हती. मुळे आणि कंद मारण्याइतकी माती तापली, अशी जागा अगदी थोडी होती. त्यामुळे 1989 च्या उन्हाळ्यात बहुतेक हिरवाई बाहेरून आली नाही, जुन्याच मुळांतून फुटली. जळालेल्या खोडांच्या मधून जांभळे फायरवीड आणि पिवळे आर्निका डोलू लागले. परके तण सगळी जागा बळकावतील ही भीती मोठ्या प्रमाणावर खरी ठरली नाही. मेलेल्या लाकडातल्या अळ्यांवर सुतार पक्षी आले आणि त्यांच्या जुन्या ढोल्यांत इतर पक्ष्यांनी घरटी केली.

दुसरे उत्तर झाडांवरच टांगलेले होते. यलोस्टोनच्या जंगलात पाचांतली चार झाडे लॉजपोल पाइन जातीची. या झाडाच्या अनेक शंकूंवर राळेचा घट्ट लेप असतो. आतले बी वर्षानुवर्षे जिवंत राहते, पण बाहेर पडत नाही. तापमान 45 अंश सेल्सियसच्या वर गेले की राळ वितळते, खवले उघडतात आणि आग पुढे गेल्यावर बी ताज्या राखेवर पडते. आगीनंतर काही जागी एकरी 50 हजारांपासून 10 लाखांपर्यंत बिया मोजल्या गेल्या. मात्र प्रत्येक लॉजपोलचे शंकू असे बंद नसतात. सखल भागात, जिथे आग तुलनेने लवकर येते, तिथे बंद शंकूंची झाडे पुष्कळ. उंचावर, जिथे दोन आगींत तीनशे वर्षे जातात, तिथे ती विरळ. आगीच्या फेऱ्यांनी अनेक पिढ्यांत झाडांची ही निवड केली होती.

म्हणून परत आलेले जंगल सगळीकडे एकसारखे नव्हते. अकरा वर्षांनी टर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजणी केली तेव्हा काही जागी हेक्टरी एकही रोप नव्हते आणि काही जागी 5 लाखांहून अधिक. ज्याला लोक एकच आग म्हणत होते, तिच्यातून शेकडो प्रकारची जंगले जन्मली होती. तुकडा लहान की मोठा, यापेक्षा तिथे आधी काय होते आणि काय शिल्लक राहिले, याला जास्त महत्त्व होते.

एक गोष्ट तर कोणाच्याच ध्यानीमनी नव्हती. रॉकी पर्वतातले अ‍ॅस्पेनचे झाड बहुतेक वेळा मुळांच्या फुटव्यांनीच वाढते. बियांपासून त्याचे रोप उगवलेले फार क्वचित दिसते. 1989 मध्ये पाइनच्या जळक्या जंगलात, जुन्या अ‍ॅस्पेनपासून कित्येक किलोमीटर दूर, अ‍ॅस्पेनची हजारो बारीक रोपे उगवली. कापसासारखे हलके बी वाऱ्यावर आले होते आणि उघड्या, ओलसर मातीत रुजले होते. रॉमी, टर्नर आणि सहकाऱ्यांनी त्याची सविस्तर नोंद केली. आग नसती तर त्या झाडाला ती नवी जागा मिळाली नसती.

मातीतल्या नायट्रोजनबद्दलही असेच झाले. एवढ्या आगीनंतर तो पावसाने धुऊन ओढ्यांत जाईल असा अंदाज होता. मोजल्यावर दिसले की मातीतल्या सूक्ष्मजीवांनी आणि वाढत्या रोपांनी तो मोठ्या प्रमाणात धरून ठेवला होता.

दरम्यान धोरणाचा वादही निवळत गेला. सरकारी फेरविचार समितीने डिसेंबर 1988 मध्येच नैसर्गिक आगीचे तत्त्व योग्य ठरवले, पण नियोजन अधिक काटेकोर हवे असे सांगितले. 1992 मध्ये यलोस्टोनची सुधारित योजना लागू झाली. जळालेल्या जंगलात नवी झाडे लावा, बी पेरा, हा आग्रह उद्यानाने मानला नाही. तो न मानणे किती शहाणपणाचे होते, हे आज त्या डोंगरांवरून जाणाऱ्या कोणालाही दिसते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसाच्या कितीतरी पट उंच, दाट पाइन उभे आहेत. एकाही माणसाने ते लावलेले नाहीत.

टर्नर 1994 मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात, मॅडिसनला गेल्या. 2004 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर त्यांची निवड झाली. यलोस्टोन त्यांनी सोडले नाही. रॉमी, वायोमिंग विद्यापीठाचे डॅन टिंकर आणि एकामागून एक आलेले विद्यार्थी यांच्यासह त्या त्याच जागी परत जात राहिल्या. चोवीस वर्षांनी त्यांनी 72 वनखंड पुन्हा मोजले. दाट खंड थोडे विरळ होत होते, विरळ खंड भरत होते. जंगल आपल्या पायावर उभे होते. इथे ही कथा संपली असती तर ती निखळ आनंदाची ठरली असती.

पण त्याच संशोधकांनी पुढचाही हिशेब मांडला. 2011 मध्ये अँथनी वेस्टरलिंग, टर्नर, रॉमी आणि सहकाऱ्यांनी तापमानवाढीचे अंदाज यलोस्टोनच्या आगींशी जोडून पाहिले. पूर्वी जंगलाला शेकडो वर्षांनी आग गाठत असे. एकविसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा अवधी तीस वर्षांच्याही खाली येऊ शकतो, असे उत्तर निघाले. 1988 सारखे उन्हाळे अपवाद राहणार नाहीत.

पाच वर्षांतच त्याची झलक दिसली. 2016 मध्ये मेपल नावाच्या आगीत यलोस्टोनमधले 1988 नंतर उगवलेले जंगल जळाले. झाडे 28 वर्षांची होती. शेजारच्या ग्रँड टीटन उद्यानातही बेरी नावाच्या आगीने तसेच तरुण जंगल गाठले. तरुण जंगल सहसा पेट घेत नाही, हा 1982 च्या लेखातला नियम उष्ण आणि कोरड्या हवेपुढे टिकला नाही. दुसऱ्या वर्षी टर्नर यांचा गट तिथे पोचला. 1988 नंतर निदान काळी खोडे उभी राहिली होती. ती पुढे पडली, मातीला आधार झाली, रोपांना सावली देत राहिली. इथे काही जागी आखूड खुंटांपलीकडे काही उरले नव्हते. पडलेले जुने लाकूडही मोठ्या प्रमाणात जळून गेले होते.

2019 मध्ये टर्नर, क्रिस्टिन ब्राझियुनास, विन्स्लो हॅन्सन आणि ब्रायन हार्वी यांनी या जागांचे मोजमाप प्रसिद्ध केले. दीर्घ अवधीनंतर जळालेल्या जंगलाच्या तुलनेत इथे नवी रोपे सरासरी सहापट कमी होती. कारण सरळ आहे. लॉजपोल कोवळ्या वयात उघडे शंकूच धरते, बंद शंकू वय वाढल्यावर येतात. फांद्यांवरची बियांची कोठी भरायच्या आतच आग आली तर राखेवर पडायला बी नसते. जंगलाने हवेतून घेतलेला कार्बन परत साठायला दीडशे वर्षांहून अधिक काळ लागेल, असा त्यांचा अंदाज आहे.

या संशोधनाचा अर्थ लावताना आपण सावध असले पाहिजे. यलोस्टोनची आग आणि मेळघाटातला किंवा गडचिरोलीतला वणवा या वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडच्या पानझडी जंगलात आग बहुधा जमिनीवरच्या पालापाचोळ्यातून जाते आणि ती बहुतेक वेळा माणसाने लावलेली असते. मोहाची फुले वेचायला जागा साफ व्हावी म्हणून, तेंदूला नवा फुटवा यावा म्हणून, कधी निव्वळ निष्काळजीपणाने. तिथे विजेने लागलेली आग जळू देण्याचे धोरण उसने आणण्यात अर्थ नाही. पण अवधीचा धडा आपल्यालाही लागू आहे. एकाच जागेवर वर्षाआड आग फिरली तर साग-मोहाचे रोप आगीच्या उंचीपलीकडे कधी जाणार? जाळरेषा वेळेत काढणे, गावकऱ्यांना सोबत घेणे, जळालेल्या जागेला पुढची काही वर्षे आगीपासून आणि चराईपासून जपणे, हे उपाय त्या रोपाला वेळ मिळवून देण्याचेच आहेत.

1988 मध्ये सारी अमेरिका एका प्रश्नावर भांडली: आग विझवावी की जळू द्यावी? तीन दशकांच्या मोजणीने त्या प्रश्नापेक्षा मोठी गोष्ट पुढे आणली. जंगल परत येते ते दोन गोष्टींच्या बळावर, आगीने मागे काय ठेवले आणि पुढची आग किती काळाने आली. पहिली गोष्ट यलोस्टोनने सिद्ध करून दाखवली आहे. दुसरी आता निसर्गाच्या एकट्याच्या हाती उरलेली नाही. ते जंगल पुन्हा उभे करायला माणसाला एकही रोप लावावे लागले नव्हते. यापुढे त्याला हवी आहे ती शंभर-दोनशे वर्षांची सवड, आणि ती मिळेल की नाही हे आपण किती कोळसा आणि तेल जाळतो यावर ठरणार आहे.